दुसरी हाक

गोल बाजारात पोपटीच्या शेंगा निवडत असताना मागून कोणीतरी "ताई" म्हणून हाक मारली आणि संघप्रियाने मोठ्यांदा "ओ" दिली. इतक्या मोठ्यांदा की शेंगावाल्या बाईचा हात तराजूवरच थांबला. हाक मारणारी मुलगी तिच्याकडे बघत पुढे गेली, पलीकडे मेथी बघत उभ्या असलेल्या आपल्या बहिणीच्या खांद्यावर तिने हात ठेवला, आणि वळून हसत म्हणाली, "तुमाले नाई वो." संघप्रियाही हसली. पिशवी घेऊन स्कूटीपाशी आली, किल्ली लावली, पण फिरवली नाही. बाजारात दिवसभर कोणी ना कोणी कोणाला तरी ताई म्हणत असतं. दुसऱ्याच्या हाकेला ओ देणं ही काही लाजेची गोष्ट नव्हती. पण तिने ती पहिल्याच हाकेला दिली होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे तिच्या अंगात इतकं लहानपणी मुरलेलं होतं की शाळेत हजेरीच्या वेळीही तिचं नाव बाईंना दोनदा घ्यावं लागे. स्कूटीवर बसूनही ती निघाली नाही. ऑगस्टपासून हे असंच चाललं होतं, फक्त तिच्या लक्षात आलं नव्हतं. फोनची पहिली रिंग पुरी होऊ न देता ती तो उचलत होती. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कोणी नुसतं खाकरलं तरी ती मान वर करत होती. शेजारच्या फ्लॅटची बेल वाजली तरी उठून दारापाशी जात होती. आणि दुसरी गोष्ट त्याच्या मागोमाग लक्षात आली, ती जास्त विचित्र होती: ऑगस्टपासून तिने स्वतः कोणालाच हाक मारलेली नव्हती. शिपायाला बोलवायचं तर ती त्याच्या टेबलापर्यंत चालत जायची. समोरून रिकामा ऑटो गेला तर जाऊ द्यायची. घशातून मोठा आवाज काढण्याची वेळच ती येऊ देत नव्हती. आणि तिला कोणी विचारलं असतं तर कारणही सांगता आलं असतं, पण कोणी विचारलं नव्हतं, आणि बरंच होतं ते.

पहिल्या हाकेचा नियम आजीचा. ती म्हणायची, झाडीत पहिली हाक कोणाची असेल ते सांगता येत नाही. माणूस असलं तर पुन्हा मारेल, दुसरं काही असलं तर ते एकदाच मारतं आणि ओ दिली की मागे लागतं. आईचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ज्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखेरीज तिसरी तसबीर नव्हती, त्या घरात भुताला जागा कुठून असणार. कमला सिस्टर म्हणून आईला चिमूरच्या पलीकडच्या गावांतून आणि पुढे भामरागडकडे सगळे ओळखत. ताप उतरावा म्हणून लेकराच्या गळ्यात बांधलेला दोरा कापून ती आधी थर्मामीटर लावत असे. पण आजीचा नियम तिने टाकला नाही, त्याचं कारण तेवढं बदललं. "एक हाक कोनीबी मारते," ती म्हणायची. "सवयीनं मारते, उगाच मारते. ज्याले खरंच काम असते, तो दुसऱ्यांदा मारते." सरकारी क्वार्टरच्या कुंपणाबाहेर लोक येऊन उभे राहत, आणि आई दुसऱ्या हाकेला उठत असे. गावाला हे माहीत झालं तेव्हा लोक एका श्वासात "सिस्टरबाई, सिस्टरबाई" म्हणायला लागले. आई ती एकच हाक धरायची. आतून संघप्रिया म्हणे, "आई, दोन झाल्या." आई म्हणे, "श्वास एकच होता." आणि हे सांगेपर्यंत तिच्या पायात चप्पल चढलेली असे, बॅग हातात असे, म्हणजे उठायची ती पहिल्याच हाकेला, ओ मात्र दुसरीला द्यायची. हे संघप्रियाला आत्ता, या बाजारात, स्कूटीवर बसल्या बसल्या कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. टाक्याच्या पहाडीवर जायचं उर्वशीने आठवडाभर आधी ठरवून टाकलं होतं. उर्वशी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मैत्रिणींची दुःखं चालून कमी होतात असं तिचं पक्कं मत होतं. मंजुषा शाळेपासूनची, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि तिला चालायचं नव्हतं, पण डबे तिने आणले होते. चौथी दिव्यानी, प्रयोगशाळेत नव्याने लागलेली, नागपूरची, अजून तिशीही न गाठलेली. तिने जंगल फक्त सफारीच्या जिप्सीतून बघितलं होतं. गाडी चिमूरच्या रस्त्याला लागली तसे धानाचे पुंजणे दिसायला लागले, कापून रचलेले, कुठे कुठे एखाद्या बोडीच्या पाण्यात त्यांची पिवळी सावली पडलेली. दिव्यानी खिडकीतून व्हिडिओ काढत होती. संघप्रिया मागच्या सीटवर बसून बाहेर बघत होती आणि तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी घरी विसरलो आहोत. गॅस बंद आहे. पाण्याची मोटर बंद आहे. आईच्या खोलीची खिडकी. ती तर ऑगस्टपासून बंदच आहे. आई गेल्यानंतर तिने मरणावरची पुस्तकं वाचून काढली होती, मिळतील तेवढी, मराठी आणि इंग्रजी. त्यांत रडण्याविषयी पुष्कळ होतं, आठवणींविषयी होतं, रिकाम्या कपाटांविषयी होतं. हे जे अंगात किड्यासारखं वळवळत राहतं, एका जागी बसू देत नाही, त्याविषयी कुठे काही नव्हतं. किंवा असेल, तिची ती पानं वाचायची राहिली असतील.

पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली भागीरथाबाईची चहाची झोपडी होती. उर्वशीने तिथे गाडी लावली. भागीरथाबाई काड्या मोडत बसली होती. "किती जन हा?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "चार वाजाच्या आत खाली येजा बाई. मंग मी बी दुकान बंद करतो."

"वाघ आहे का हो वर?" दिव्यानीने विचारलं.

"हाये तं. त्याचंच जंगल हाये. तुमी पाव्हन्या."

"कधी दिसला का तुम्हाला?"

"मले कायले दिसन? मी त्याले दिसत असन." ती काड्या चुलीत सारत म्हणाली. मंजुषा म्हणाली, "उर्वशी, मी इथीच बसू का चहा पेत?" आणि उर्वशीने तिला दंडाला धरून चालवलं.

पायवाट आधी सागातून गेली. सागाची पानं खाली पडून पापडासारखी वाळली होती आणि चौघींच्या पावलांचा इतका आवाज होत होता की बोलताना थांबावं लागे. पुढे चढ लागला, मग बांबू, मग काळे गोटे, दुपारचं ऊन खाऊन तापलेले. हाताने धरून चढताना दगडाची ऊब तळव्यात राहत होती. संघप्रिया पुढे होती. ती फार भरभर चालत होती, आणि मागून उर्वशी "अगं, शर्यत नाही आहे" म्हणत होती तरी तिला पाय आवरता येत नव्हते. भामरागडला असताना आई अशीच चालायची. पावसाळ्यात रस्ता तुटला की लसीची पेटी खांद्याला लावून आई पायवाटेने निघे, आणि सातवीतली संघप्रिया तिच्या मागे, सारखी पळत, कारण चालून तिला गाठताच यायचं नाही. आई मागे वळून बघत नसे. तिला ते रागावण्याजोगं वाटायचं. आई आपल्याला हरवूनही बसेल आणि लसीची पेटी मात्र नीट पोचवेल, असं तिने एकदा रडत म्हटलं होतं. आई म्हणाली होती, "वळून काऊन पाहू? तुझ्या चपलेचा आवाज येऊन राह्यला ना." आत्ता संघप्रियाच्या मागे तीन जोड्या बुटांचा आवाज होता आणि ती त्यातून एक वेगळा काढायचा प्रयत्न करत होती, हे लक्षात येताच तिने आणखी वेग घेतला.

"संघाताई," मागून दिव्यानी म्हणाली.

"ओ."

ती थांबली. खाली वळणावर मंजुषा कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. "काय वं," ती म्हणाली, "पहिल्याच हाकेले? तुमच्या घरी तं दोन हाका मारा लागत. दारात उभं राहून राहून आमचे पाय दुखत." मग श्वास घ्यायचं निमित्त म्हणून तिने दिव्यानीला सगळं सांगितलं. आजीचं सांगितलं, कमला सिस्टरचं सांगितलं, श्वास एकच होता तेही सांगितलं, आईच्या आवाजात, हुबेहूब. उर्वशी हसता हसता खाली बसली. संघप्रियाही हसली. मंजुषाच्या तोंडून आईचा आवाज निघाला तसा तिच्या मानेवर घाम आला होता आणि तो वाऱ्याने गार पडत होता.

"म्हणजे जंगलात पहिल्या हाकेला ओ द्यायचीच नाही?" दिव्यानी म्हणाली. "भारी आहे हे. मी आजपासून पाळते."

"पाळ," मंजुषा म्हणाली. "साहेबानं बोलावलं तरी पाळ. नोकरीच जाते."

वर सपाटी होती, आणि खडकात खोदलेलं टाकं. कोणी खोदलं ते कोणाला माहीत नव्हतं. पाणी हिरवं होतं आणि त्यावर एक सागाचं पान होडीसारखं फिरत होतं. त्यांनी डबे उघडले. मंजुषाने वालाचं भरीत आणलं होतं; संघप्रियाने कालच्या शेंगा उकडून आणल्या होत्या, पण मीठ जास्त झालं होतं आणि कोणी तसं म्हटलं नाही. खाली पसरलेलं जंगल या उन्हात हिरवं दिसत नव्हतं, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे शेतं, आणि फार लांब धुराची एक रेघ. गप्पा चालल्या होत्या. उर्वशी मध्येच म्हणाली, "तू जरा बस ना संघा. आल्यापासून उभीच आहेस." ती बसली. बसल्यावर गुडघा हलायला लागला. तिने त्यावर हात ठेवला, तर दुसरा हलायला लागला.

ऊन कलायला लागलं तशी मंजुषाच्या गुडघ्यांसाठी उर्वशी तिला घेऊन आधी निघाली. "आम्ही हळूहळू उतरतो, तुम्ही दोघी या," ती म्हणाली. दिव्यानी टाक्याच्या मागच्या खडकांत गेली होती. आडोसा हवा होता, आणि तिकडून फोटोही चांगला येईल असं ती जाताना म्हणाली होती. संघप्रियाने डबे पिशवीत भरले. पाण्याच्या बाटल्या भरल्या. पिशवी खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. उर्वशी आणि मंजुषाचं बोलणं खाली खाली जात बांबूत विरलं. दिव्यानी येत नव्हती. टाक्यावरची सावली पाण्याच्या पलीकडच्या काठाला टेकली. मागच्या खडकांच्या बाजूला उतार होता, आणि उतारावर दाट बांबू, आणि त्यातून कुठून तरी भेकर ओरडलं, कुत्र्यासारखं, एकदा. मग जरा थांबून पुन्हा. भेकर उगाच ओरडत नाही, वाघ-बिबट्याची चाहूल लागली की ओरडतं, हे तिला माहीत होतं. फोनला रेंज नव्हती. चालत जाऊन बघावं तर ते खडक असे होते की एकीकडून जावं आणि माणूस दुसरीकडून निघून यावं. हाक मारायला हवी होती. एवढं साधं काम होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, आणि "दिव्यानी" असा आवाज तिच्या घशातून निघाला, पातळ, शेवटी फाटलेला, जेमतेम टाक्यापलीकडे पोचेल असा.

उत्तर आलं नाही.

आणि ती उभी राहिली. ऑगस्टमधली दुपार जशीच्या तशी तिच्याभोवती येऊन उभी राहिली. रविवारच होता. ती बाहेरून आली होती, छत्री बाथरूममध्ये उघडी करून ठेवली होती, ओले पाय पुसले होते, आणि स्वयंपाकघरातून हाक मारली होती: "आई, चहा ठेवू का?" आईच्या खोलीतून उत्तर आलं नाही. यात काही नवल नव्हतं. आईने पहिल्या हाकेला कधीच ओ दिली नव्हती, निवृत्त झाल्यावरही नाही, ऐंशी पायऱ्या चढून आलेल्या धाकट्या लेकालाही नाही. दुसऱ्या कोणत्याही घरात मुलीने डोकावून बघितलं असतं. संघप्रियाने दोघींचा चहा ठेवला. आलं किसलं. मधेच, रविवार असूनही, ऑफिसचा फोन आला, तो घेऊन ती गॅलरीत गेली, कुठल्याशा नमुन्यांच्या पिशव्यांवर शेताचे नंबर नव्हते आणि त्यावर पुष्कळ बोलणं झालं. मग कप घेऊन ती खोलीत गेली. आई खुर्चीत होती, चष्मा लावलेला, मान जरा खिडकीकडे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरात पाय ठेवला त्याच्या बऱ्याच आधी हे झालंय, तुम्ही काही करू शकला नसता. तिने ते मानलं होतं. ते खरंच होतं. ती शास्त्र शिकलेली बाई होती. तिला अपराधी वाटत नव्हतं. भाऊ, मैत्रिणी, सगळे तिला अपराधी वाटू नये म्हणून बोलत होते, आणि त्यांना कसं सांगावं की ते नाहीच, ते वेगळंच काहीतरी आहे. तिने हाक एकच मारली होती. दुसरी मारायची राहिली. ज्याला खरंच काम असतं तो दुसऱ्यांदा मारतो. ती दुसरी हाक तेव्हापासून तिच्या छातीत तशीच पडून होती, मारायला कोणी नाही म्हणून, आणि इतर कोणालाही मारली तर तीच बाहेर पडेल या भीतीने तिने इतके महिने तोंड बंद ठेवलं होतं.

भेकर आता गप्प होतं. ते गप्प होणं जास्त वाईट होतं. खडकांवरचं ऊन केशरी होऊ लागलं होतं. त्या पलीकडे कोणाची तरी मुलगी होती, नागपुरात जिची आई संध्याकाळी फोन करणार होती. संघप्रियाने पिशवी खाली टाकली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि तिच्या पोटातून हाक आली. नाव दिव्यानीचंच होतं, पण हाक संघप्रियाची नव्हती. शेवटचं अक्षर लांबवून वर नेलेलं, कुंपणाबाहेरून दुसऱ्या कुंपणापर्यंत जावं असं, नदीच्या या काठावरून डोंगीवाल्याला आई मारायची तशी. ती हाक खडकांवर आदळली, उतारावरून खाली गेली, आणि समोरच्या पहाडीने तिचं शेपूट परत पाठवलं.

"ओऽ," दिव्यानी म्हणाली. अगदी जवळून. डाव्या हाताच्या खडकामागून.

ती हातात मोबाईल आणि केसात बांबूचं पान घेऊन बाहेर आली. हसत होती, पण हसू पुरतं बसत नव्हतं. "पहिल्या हाकेला नाही ना द्यायची? मी मुद्दाम थांबले. इथेच होते, तुम्हाला बघत होते फटीतून." मग तिचा आवाज बदलला. "पण किती वेळ लावला हो दुसरीला. ते काहीतरी ओरडलं ना तिकडे. मला जाम भीती वाटली. म्हटलं, आता ओ दिली तर नियम मोडेल, आणि तुम्ही तर मारतच नाही. मी नुसती वाट बघत बसले."

संघप्रियाने तिच्याकडे बघितलं. तिला या मुलीच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. तिने केसातलं पान काढलं. "अशी मस्करी जंगलात करू नाई," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण आईसारखं 'नाई' म्हणालो. दिव्यानी सॉरी म्हणाली. "चल. पुढं हो."

उतरताना दिव्यानी पुढे होती, भराभर, सुटल्यासारखी. संघप्रिया मागे राहिली. पायात आता गोळे आल्यासारखं झालं होतं, आणि घसा जळत होता, आणि ते जळणं बरं वाटत होतं. गोटे संपले, बांबू संपला. सागात शिरताना खालून उर्वशी आणि मंजुषाचं बोलणं ऐकू आलं, मंजुषाचं हसणं, मग दिव्यानीही त्यांच्यात जाऊन मिळाली. तिघी पुढे होत्या. तिघींचा आवाज पुढून येत होता. तेव्हा मागून, वरून, टाक्याच्या बाजूने, कोणीतरी म्हणालं, "संघे."

मैत्रिणी तिला संघा म्हणत, ऑफिसात ताई म्हणत. संघे म्हणणारं एकच माणूस होतं.

तिचा पाय पानांवर तसाच राहिला. ओ जिभेच्या टोकावर आली होती. एवढे महिने जी ओ ती बाजारात, दारात, फोनवर, वाटेल त्याला देत सुटली होती, ती हीच. तिला वळायचं होतं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या. सागाचं एक पान फांद्यांना अडखळत, आवाज करत खाली आलं. तसलंच काही असेल. कान वाजले असतील, आपण एवढ्या मोठ्यांदा ओरडलो त्याचं काही उरलं असेल. ती ओठ मिटून उभी राहिली. वळून काऊन पाहू. तिला हे शिकवणारी बाई दुसरी कोणी नव्हती, आणि तिने शिकवलेलं तिच्यापुढेच मोडायचं कसं? संघप्रिया दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. खाली कोणीतरी गाडीचं दार उघडलं. दुसरी हाक आली नाही, आणि तरी ती आणखी थोडी थांबली, समोरचा माणूस चप्पल घालत असेल एवढा वेळ. मग तिने पाय उचलला. वाळक्या पानांवर तिच्या बुटांचा आवाज व्हायला लागला, मोठा, कोणालाही मागून ऐकू जाईल असा.

मोहाच्या झाडाखाली तिघी पोचल्या होत्या आणि बूट काढून खडे झटकत होत्या. भागीरथाबाईने दुकान बंद केलं नव्हतं. धुरातून तिचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"चहा ठेवू का?" तिने विचारलं.

संघप्रिया बाकड्यावर टेकली. गुडघे स्थिर होते. ती काही बोलली नाही. मंजुषाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे झटकायला लागली. चुलीत एक काडी तडकली.

"अवो बाई," भागीरथाबाई म्हणाली, जरा चढ्या आवाजात, "चहा ठेवू का म्हन्लं?"

"ओ," संघप्रिया म्हणाली. "ठेवा."